वाचकांचे प्रश्न : जुनी स्पोर्ट्स गाडी अर्ध्या रस्त्यात बंद का पडते?

या अंकात एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी आलेली तीन पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी रोडस्टर आहे. तीन वर्षांपूर्वी मी ती इथे इंग्लंडमध्येच विकत घेतली. पहिली दोन वर्षे ती क्वचित बंद पडत असे. मागच्या हिवाळ्यात मी कॉइल, पेट्रोल पंप, प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर हे सगळे नवीन बसवून घेतले आणि तेव्हापासून ती जवळजवळ दर वेळी अर्ध्या तासाने बंद पडते. इंजिन गचके देत नाही. गाडी चौथ्या गिअरमध्ये पुढे जात असतानाच टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा थेट शून्यावर पडतो आणि इंजिन गप्प होते. वीस मिनिटे थांबले की काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की एकदाही बंद पडत नाही. गेल्या महिन्यात वडील भारतातून आले होते. ही गाडी जिथे तयार झाली ते ॲबिंग्डन गाव त्यांना दाखवायला नेत होतो आणि वाटेत पाऊण तास पावसात उभे राहावे लागले. ते काही बोलले नाहीत, पण परत येताना त्यांनी बसने येणे पसंत केले. गाडी विकून टाकावी का? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : विकण्याचा विचार आपण आणखी एक महिना पुढे ढकलावा, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे, कारण आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आलेले आहे. काटा शून्यावर पडल्याचे आपण सहज लिहून गेलात, परंतु तीन मेस्त्रींनी मिळूनही सांगितले नसते इतके ते एक वाक्य सांगते. या गाडीच्या टॅकोमीटरला इंजिनाकडून तार किंवा दांडा जोडलेला नसतो; इग्निशनच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या) प्राथमिक मंडलातून, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या विजेतून, तो स्पंदने मोजतो. पेट्रोल संपल्यामुळे किंवा अडल्यामुळे इंजिन बंद पडले असते, तर गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाके इंजिनाला फिरवत राहिली असती, पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडझाप करत राहिले असते आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता. तो झटक्यात शून्यावर आला, याचा अर्थ इंजिन फिरत असूनही कॉइलमधली वीजच तुटली होती. म्हणून पेट्रोल पंप, कार्ब्युरेटर, टाकी यांच्याकडे आपण तूर्त पाहूच नये. जुना पंप फेकून दिला नसेल, तर तो जपून ठेवावा. तो बहुधा चांगलाच असेल.

आता प्रश्न उरतो तो वीज नेमकी कुठे तुटते याचा, आणि इथे आपल्या पत्रातली दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते : दुरुस्तीनंतर बिघाड वाढला. माझा पहिला संशय नव्या कॉइलवर आहे. आपल्या सालच्या एमजीबीला साधी बारा व्होल्टची कॉइल लागते आणि तिचा प्राथमिक रोध सुमारे ३ ओहम असतो. पुढे १९७४च्या अखेरीस काळ्या रबरी बंपरच्या गाड्या आल्या, त्यांच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट रोध, म्हणजे कॉइलकडे जाणारा प्रवाह कमी करणारा जादा रोध, घातलेला होता आणि त्यांची कॉइल सुमारे १.५ ओहमची होती. दोन्ही कॉइल दिसायला सारख्याच, पकडीत बसायला सारख्याच, आणि दुकानदाराने ‘एमजीबीची कॉइल’ म्हणून कोणती हातात ठेवली हे डब्यावरून कळेलच असे नाही. दीड ओहमची कॉइल आपल्या गाडीत बसली, तर पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून दुप्पट प्रवाह जातो आणि तिच्यात उष्णताही दुप्पट तयार होते. ती अर्धा तास हे सोसते, मग आतली तार कुठेतरी सुटते, आणि गार झाली की पुन्हा टेकते. गॅरेजमध्ये बॉनेट उघडे ठेवून दहा मिनिटे चालवलेल्या इंजिनात हे कधीच दिसणार नाही. मल्टीमीटर घ्या, कॉइलच्या दोन्ही बाजूंच्या बारीक तारा सोडवा आणि रोध मोजा. पाच मिनिटांचे काम आहे. दीडच्या आसपास आकडा आला, तर योग्य कॉइल बसवा आणि त्याच वेळी पॉइंटही पाहा, कारण दुप्पट प्रवाहाने ते जळून काळवंडलेले असतील. त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

आकडा तीनच्या आसपास आला, तर गाडीत एक टेस्ट लॅम्प ठेवा आणि पुढच्या वेळी ती बंद पडली की चिडण्याआधी, ती गार होण्याआधी, लगेच खाली उतरा. लॅम्पचे एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला जोडा (यालाच अर्थ करणे म्हणतात) आणि दुसरे कॉइलच्या धन बाजूला लावा. किल्ली चालू असून दिवा लागला नाही, तर दोष इग्निशन स्विच, पांढरी वायर किंवा तिच्यावरचे बुलेट जोड यांच्यात आहे. दिवा लागला, तर टोक ऋण बाजूला न्या आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकायला हवा. तो सतत जळत राहिला, तर पॉइंटपर्यंतचा रस्ता तुटलेला आहे; अजिबात लागला नाही, तर कॉइल आतून तुटलेली आहे किंवा पॉइंटची बाजू कुठेतरी बॉडीला टेकते आहे. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या, आत, पॉइंटला जाणारी बोटभर लांबीची एक लवचिक वायर असते. इंजिनाच्या हवेच्या ओढीने (व्हॅक्यूमने) पॉइंटखालची तळपट्टी पुढेमागे होते तसतशी ती वायर वाकत राहते आणि वर्षानुवर्षांनी तिच्या तारा वेष्टनाच्या आतच तुटतात. बाहेरून वायर अखंड दिसते. चिमट्याने हलकेच ताणून पाहिली, की तुटलेल्या जागी रबरासारखी लांबते. मी स्वतः या वायरीच्या मागे एक अख्खा उन्हाळा घालवला होता आणि ती ताणून पाहण्याचे मला सुचेपर्यंत गाडीतल्या बाकी सगळ्या वस्तूंना हात लावून झाला होता.

आपल्या पत्रातला खरा त्रास मला वेगळा वाटतो. आपण एकाच दिवशी पाच वस्तू बदललात. त्यामुळे कशाने काय झाले हे सांगण्याची सोयच उरली नाही, आणि आज बाजारात मिळणारे सगळेच सुटे भाग भरवशाचे नाहीत ही दुसरी अडचण त्यात मिसळली. मागच्या काही वर्षांतले स्वस्त कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारे भाग) महिन्याभरात जातात; डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगांना वीज वाटणाऱ्या काही रोटरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट असते आणि तिथून ठिणगी खालच्या दांड्यात उतरते. म्हणून एमजीबी पाळणारे अनुभवी लोक जुना, चालू असलेला रोटर डिकीत कापडात गुंडाळून ठेवतात. नवा भाग बसवला म्हणजे ती बाजू निर्धोक झाली, हे या गाडीच्या बाबतीत धरून चालू नये. एका वेळी एकच वस्तू बदलावी, वहीत तारीख घालून लिहावे, आणि किमान शंभर मैल चालवल्याशिवाय दुसऱ्या वस्तूला हात लावू नये.

या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या विनोद चालत आले आहेत. मला ते अन्यायाचे वाटतात. पन्नास वर्षांच्या ओलाव्यात हिरवे पडलेले जोड आणि बॉडीशी असलेला गंजलेला अर्थ-जोड यांचा दोष आपण मूळ कारागिरीच्या माथी मारतो. आपल्या गाडीचे इंजिन रबरावर बसवलेले असल्यामुळे त्याचा बॉडीशी विद्युत संबंध गिअरबॉक्सजवळच्या एका विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतो. ती कुजली की सेल्फचा प्रवाह चॉकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला गरम लागते. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या अजून असतील, तर त्यांच्यामधली जोडवायरही सोडवून घासून घ्या. मग सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातला फरक मोजा; तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असू नये.

हे सगळे झाल्यावर वडिलांना पुढच्या भेटीत ॲबिंग्डनला जरूर न्या. तिथला कारखाना १९८० साली बंद झाला, पण पाच लाखांहून अधिक एमजीबी त्याच गावातून बाहेर पडल्या.

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९५१ची एमजी टीडी आमच्याकडे पुण्यात आहे. मागच्या वर्षीपासून दोन्ही कार्ब्युरेटरच्या खालून पेट्रोल ठिबकते, कात्रजचा घाट चढताना गाडी गुदमरते आणि प्लग पांढरे पडतात. त्यातच मेस्त्रीने इंजिनाचे दोन बोल्ट बदलले आणि ब्लॉकचे आटे गेले. सगळे म्हणतात की इथेनॉलमुळे हे होते आहे. खरे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या तिन्ही गोष्टींत इथेनॉलचा हात आहे, आट्यांत मात्र नाही. आपल्याकडे आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि आपल्या गाडीच्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटभोवतीची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीभोवतीची, सील कॉर्कची असते. इथेनॉल आणि त्याने ओढून घेतलेला ओलावा यांत कॉर्क फुगतो, गाडी महिनाभर उभी राहिली की वाळून आकसतो, आणि मग ठिबकणे थांबत नाही. या कॉर्कच्या जागी इथेनॉल सहन करणाऱ्या व्हायटन रबराच्या रिंगा बसवता येतात. त्या परदेशातून मागवाव्या लागल्या तरी मागवा, आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या त्याच वेळी बदला, कारण तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकणे ही चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. तोवर गाडी बाहेर काढू नका.

प्लग पांढरे पडतात ते मिश्रण पातळ झाल्यामुळे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्यामुळे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते, त्यामुळे पूर्वी बरोबर असलेली जेटची जुळणी आता अपुरी पडते. दोन्ही कार्ब्युरेटरच्या खालचा जेटचा नट सारख्याच प्रमाणात, एका वेळी नटाची एकच कड (फेऱ्याचा सहावा भाग), खाली उतरवा, घाटात एक फेरी मारा आणि प्लग पुन्हा काढून पाहा. फिका बदामी रंग आला की थांबा. एवढ्याने भागले नाही, तर जेटमध्ये जाड मिश्रणाची, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, सुई घालावी लागेल. गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून ठेवावी. हे कंटाळवाणे आहे, याची मला कल्पना आहे.

आट्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त खुपली, कारण ती टाळता आली असती. टीडीच्या १२५० सीसी इंजिनाचे बोल्ट जगात फारसे कुठे सापडत नाहीत अशा मिश्र जातीचे आहेत : त्यांचे आटे मेट्रिक, तेही बारीक, आणि डोकी मात्र व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, पान्याची. आठ मिलिमीटरच्या बोल्टला आज सहसा १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. या इंजिनात ते १ मिलिमीटरचे आहेत. मेस्त्रीने हाताशी असलेला आठचा बोल्ट लावला, तो दोन फेरे गेला, पुढे अडला म्हणून त्याने जोर लावला. तो अडाणी नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते. चांगल्या टर्नरकडून ते भोक मोठे करून आत तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवून घ्या आणि मूळ मापाचेच बोल्ट वापरा. व्हिटवर्थ पान्यांचा एक संच गाडीसोबतच ठेवा, आणि गाडी कोणाच्याही हाती देताना तो संच आधी हातात द्या. आणखी एक सांगून ठेवतो : या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते; याला धन अर्थ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे कोणी सुचवले, तर ते धन अर्थसाठी बनवलेले आहे का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. ऋण अर्थचा संच किल्ली फिरवताक्षणी जळतो.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, लेस्टरला नोकरी करते आणि एमजीबी घ्यायची माझी फार इच्छा आहे. इंजिन कसे तपासावे? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : इंजिन शेवटी तपासा. १७९८ सीसीचे ते इंजिन दणकट आहे, त्याचे सगळे भाग मिळतात आणि ते परत बांधता येते. खर्च आणि मनस्ताप आहे तो पत्र्यात. एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पेट्या, ज्यांना तिकडे सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा आहेत, आणि इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकले जाणारे मीठ नेमके तिथे साचते. पुष्कळ गाड्यांत कुजलेल्या पेटीवर नवा पत्रा वेल्ड करून रंग दिलेला असतो. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला तिथे रस्त्यावर चालवण्यास गाडी सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे ही लबाडी वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला न पडता राहू शकते. गाडी घेण्याआधी आपण स्वखर्चाने ती तपासणी करून घ्यावी. विकणाऱ्याने त्याला नकार दिला, तर तिथून निघावे.

बघायला जाल तेव्हा एक लोहचुंबक आणि जुने कपडे घेऊन जा. आधी दार मिटून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहा. वर निमुळती आणि खाली रुंद असेल, तर गाडी मध्ये झुकलेली आहे. मग खाली आडवे पडून सिलच्या खालच्या कडेने चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. शेवटी मालकाच्या परवानगीने जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावून एक बाजू उचला आणि दार उघडून पुन्हा मिटा. दार पूर्वीसारखेच अलगद मिटले, तरच बॉनेट उघडायला सांगा.