ब्लँक सोडायला कचरू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री शिफ्टमध्येच पाहिला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून आज सवडीने लिहितेय. आपलं काम अमेरिकन डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं (डिक्टेशन) ऐकून रिपोर्ट टाइप करायचं. तुला आली स्ट्रोकच्या पेशंटची डिस्चार्ज समरी, म्हणजे हॉस्पिटलमधून सोडतानाचा रिपोर्ट, भरधाव बोलणारे डॉक्टर, आणि ते 'डिसफेजिया' म्हणाले की 'डिसफेझिया' हे पेडल मारून पुन्हा पुन्हा ऐकूनही कळेना. एकाचा अर्थ गिळायला त्रास, दुसऱ्याचा बोलायला. पेशंट स्ट्रोकचा, म्हणजे बोलण्याचाच त्रास असणार, असं धरून तू डिसफेझिया टाइप केलंस. क्यूएने, म्हणजे आपले रिपोर्ट तपासणाऱ्यांनी, फाइल लाल करून परत पाठवली, आणि आता तुला वाटतंय की आपलं इंग्रजीच कच्चं.

आधी हे डोक्यातून काढून टाक. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे अमेरिकेतले डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्टसुद्धा या नावांना फसतात. ॲसिडिटीवरचं लोसेक हे औषध तिथे लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी गल्लत व्हायला लागली म्हणून 1990 मध्ये प्रायलोसेक झालं. डिप्रेशनवरचं ब्रिंटेलिक्स हे रक्त पातळ करणाऱ्या ब्रिलिंटाशी मिसळायला लागलं, म्हणून 2016 मध्ये त्याचं ट्रिंटेलिक्स केलं. बाजारात चालणारं नाव बदलणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही, तरी बदलावं लागलं. तेव्हा तुझ्या कानाला दोष देऊ नकोस.

क्यूएने ती फाइल का परत पाठवली, ते मात्र नीट समजून घे. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होणं फार सर्रास आढळतं. म्हणून तर अशा पेशंटला तोंडाने काही द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी करतात. एकाच पेशंटला दोन्ही त्रास असू शकतात. स्पीच थेरपिस्टचं नाव रिपोर्टमध्ये आलं म्हणून बोलण्याचा त्रास, असंही म्हणता येत नाही, कारण अमेरिकेत गिळणं आणि बोलणं दोन्ही तोच थेरपिस्ट बघतो. म्हणजे 'स्ट्रोक' या एका शब्दावरून तुला काहीच ठरवता येत नव्हतं. पुढे ऐकत गेली असतीस तर बहुतेक ठरवता आलं असतं. डाएटच्या ओळीत 'थिकन्ड लिक्विड्स' किंवा 'प्युरी' आहे का? बेरियम स्वॉलो, म्हणजे गिळतानाचा एक्स-रे, केलंय का? थेट पोटात अन्न देणाऱ्या पेग ट्यूबचा उल्लेख आहे का? असेल तर गिळण्याचा त्रास आहे. 'वर्ड फाइंडिंग डिफिकल्टी' असं काही असेल तर बोलण्याचा. शिवाय अमेरिकन डॉक्टर बोलण्याच्या त्रासाला बहुधा 'अफेझिया' म्हणतात, त्यामुळे डिसफेझिया हा शब्द तिकडच्या डिक्टेशनमध्ये तसा कमीच येतो. एवढं सगळं पाहूनही उलगडलं नाही, तर ब्लँक, म्हणजे रिकामी जागा सोडायची, रेकॉर्डिंगमधला टाइम टाकायचा, 'हे तपासा' असा फ्लॅग लावायचा आणि पुढच्या फाइलला लागायचं.

आता तो चुकीचा शब्द तसाच गेला असता तर काय, ते बघ. पेशंट नर्सिंग होमला जाणार. तिथली नर्स तुझा कागद वाचणार, बोलायला त्रास आहे एवढंच समजणार, आणि साधं पाणी, साधं जेवण पुढे ठेवणार. गिळता न येणाऱ्या माणसाचा घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. तिथे ब्लँक असता तर तिने फोन करून विचारलं असतं.

मला तुला सांगायचंय ते हेच. ऐकलेलं आणि ताडलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नकोस. ताडायचं नाही असं मी म्हणत नाही, आपलं अर्धं काम ताडण्याचंच आहे. पण ताडलेल्याला रिपोर्टमधूनच पुरावा हवा. तो दाखवता आला तर बिनधास्त टाइप कर.

पुष्कळदा तो पुरावा हाताशीच असतो. हायपोकॅलेमिया (पोटॅशियम कमी) की हायपरकॅलेमिया (जास्त) कळत नाहीये? लॅबमधलं पोटॅशियम बघ. साडेतीन ते पाच नॉर्मल. 2.9 असेल आणि पुढे पोटॅशियम क्लोराइड दिलं असेल तर प्रश्नच मिटला. 'एफेब्राइल' म्हणजे ताप नाही, आणि 'ए फेब्राइल पेशंट' म्हणजे ताप आहे. कानाला दोन्ही सारखंच, पण व्हायटल्समधलं, म्हणजे नाडी-बीपीच्या नोंदीतलं, टेंपरेचर सांगून टाकतं. इलियम आतड्याचा की कमरेच्या हाडाचा, हे आजूबाजूला कोलोनोस्कोपी चालली आहे की फ्रॅक्चर, यावरून कळतं. सेलेब्रेक्स, सेलेक्सा आणि सेरेबिक्स ही तर कुप्रसिद्ध तिकडी. सांधेदुखीच्या माणसाला 200 मिलिग्रॅम म्हणाले तर सेलेब्रेक्स. डिप्रेशन आणि 20 किंवा 40 मिलिग्रॅम असेल तर सेलेक्सा. सेरेबिक्स हे फिट्सवरचं इंजेक्शन आहे, ते घरी घ्यायच्या गोळ्यांच्या यादीत यायचं कारणच नाही.

पण डोसवर आंधळा भरवसाही ठेवू नकोस. हायड्रॉक्सिझिन खाजेवर आणि अस्वस्थपणावर देतात, हायड्रॅलाझिन ब्लड प्रेशरवर. दोन्ही 10, 25 आणि 50 मिलिग्रॅममध्ये मिळतात. '25 मिलिग्रॅम' ऐकून तिथे काही हाती लागत नाही. पेशंटला बीपीही आहे आणि अंगाला खाजही सुटते, असं असेल तर ब्लँकशिवाय इलाज नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे, आणि त्याला कारण आहे. 2008 साली अलाबामा राज्यातल्या एका हॉस्पिटलमधून डायबेटिस असलेल्या एका बाईंना पुनर्वसन केंद्रात हलवलं. लेव्हेमिर या इन्सुलिनचे 8 युनिट द्यायचे होते, डिस्चार्ज समरीत टाइप झाले 80. तो कागद डॉक्टरांच्या नजरेखालून न जाताच पुढे गेला, आणि तिथे कागदावर होतं तेवढं इन्सुलिन दिलं गेलं. त्या बाई वाचल्या नाहीत. ते टायपिंग कंत्राटातून पोटकंत्राटात जात भारतात झालेलं होतं. 2012 मध्ये तिथल्या ज्युरीने कुटुंबाला 14 कोटी डॉलर भरपाई द्यायचा निकाल दिला. कोणी टाइप केलं ते मला माहीत नाही, पण तुझ्या-माझ्यासारखंच कुणीतरी हेडफोन लावून बसलेलं होतं. एट की एटी, फिफ्टीन की फिफ्टी, असा कुठेही संशय आला की स्पीड कमी कर, आणि तरी कळलं नाही तर आकडा टाकू नकोस. काही डॉक्टर 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असं फोडून सांगतात, ॲबडक्शन-ॲडक्शनला (हात-पाय शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं) 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' म्हणतात. सगळेच असे नसतात.

लिहिण्याच्या पद्धतीही पाठ असू देत. युनिटसाठी नुसतं यू लिहायचं नाही, कारण ते शून्यासारखं वाचलं जातं. 'पॉइंट फाइव्ह' म्हणाले तरी 0.5 लिहायचं. पाच मिलिग्रॅमला कधीही 5.0 नाही, कारण टिंब दिसलं नाही तर पन्नास होतात. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये हे बंधनकारकच केलं.

तू ज्या फाइली करतेस त्यात बऱ्याचशा आता मशीनने आधीच टाइप केलेल्या असतात. त्याबद्दल एक सांगते, कारण ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगत नाही. मशीन अडखळलं तरी जागा रिकामी सोडत नाही, कुठलातरी शब्द ठोकून देतं, आणि तो स्पेलिंगसकट व्यवस्थित असतो. आपण तो वाचत वाचत ऐकतो आणि डोळ्यांना जे दिसतं तेच कानाला ऐकू यायला लागतं. 'नो हिस्ट्री ऑफ' आणि 'नोन हिस्ट्री ऑफ' यांतला फरक असाच निसटतो. म्हणून औषधाचं नाव, डोस, डावं-उजवं आणि नकार आला की स्क्रीनवरून नजर काढ. आधी ऐक, मनात म्हण, मग स्क्रीनशी पडताळून बघ. सुरुवातीला स्पीड पडेल, पण कानाला सवय होते.

डावं-उजवं म्हटल्यावर आठवलं. हिस्ट्रीत डावा गुडघा आणि ऑप नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) उजवा, असं डॉक्टरांकडूनही होतं. कुठलं बरोबर हे तुला शंभर टक्के वाटलं तरी आपण दुरुस्त करायचं नाही. म्हणाले तसंच ठेवून फ्लॅग लावायचा. पेशंट त्यांनी बघितलाय, आपण नाही.

तू विचारलंयस की ब्लँक जास्त झाले तर स्कोअर पडतो, लाइन काउंट, म्हणजे टाइप केलेल्या ओळींची मोजणी, तीही बुडते, मग काय करायचं. खरं आहे. काही ठिकाणी ब्लँकला चुकीइतकेच मार्क कापतात. मी एका कंपनीत हे पाहिलंय आणि मला ते आजही सरळसरळ घातक वाटतं, कारण मुलं मग अंदाजाने भरायला शिकतात. तुझ्याकडे तसं असेल तर टीम लीडशी बोल, हवं तर मीही बोलते. ब्लँक कमी करायचे असतील तर कष्ट आधीच घ्यायला हवेत. नवा डॉक्टर अकाउंटला लागला की त्याचे सही झालेले जुने रिपोर्ट मागून घे आणि हेडफोन लावण्याआधी वाच. माणूस रोज तेच ते शब्द वापरतो, ऑप नोटमध्ये तर वाक्यंच्या वाक्यं तीच असतात. न कळलेला शब्द आला की तिथेच अडून बसू नकोस, फाइल शेवटपर्यंत कर. असेसमेंटमध्ये, म्हणजे शेवटच्या निदानाच्या भागात, तोच शब्द बहुधा पुन्हा येतो, तोही जरा सावकाश. आणि स्पेलिंग सापडत नसेल तर मुकी अक्षरं लावून बघ. 'सोअस' पी खाली सापडतो, 'झायफॉइड' एक्स खाली, आणि 'ग्वायॅक' जी-यू-ए खाली.

एक मात्र बजावून सांगते. काल तू मला त्या वाक्याचा फोटो पाठवलास, त्यात वर पेशंटचं नाव आणि जन्मतारीख दिसत होती. मी तो लगेच डिलीट केला, तूही तुझ्या फोनमधून आणि गॅलरीतून काढून टाक, आणि लीडला आजच सांग. पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकेच्या हिपा कायद्याखाली हा प्रकार गंभीर आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती कुणाची तरी आजारपणाची खाजगी गोष्ट आहे. यापुढे अडलं तर नुसता शब्द कसा ऐकू येतो ते लिही, कुठला वर्क टाइप, म्हणजे कुठल्या प्रकारचा रिपोर्ट, आहे ते सांग, आणि आजूबाजूची दोन वाक्यं नावगाव गाळून दे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते, तेव्हा फोन केलास तरी चालेल.

सस्नेह,
तुझी क्यूएमधली ताई