सिकल निघालं, म्हणून गोळ्या बंद?

धानाचे रोवणे आटोपले आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावातून एक माय एकोणीस वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टची चौघडी. हिमोग्लोबिन ८.१. खाली 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह'.

"पोरीले सिकल निघालं जी, मॅडम. सिकलले लोहाच्या गोळ्या चालत नाही म्हणते, म्हणून बंद केल्या. मंग रक्त कसं वाढन? अन् लग्नाचं काय?"

हा घोर घेऊन फार घरं येतात. सिकल म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सोल्युबिलिटी चाचणी एवढंच सांगते, की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नाही) की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या तपासण्यांवरच ठरतं.

पोरीला विचारलं, सांधे ठणकतात? डोळे पिवळे होतात? कधी रक्त चढवलं? नाही. पाळी? "आठ-आठ दिवस जाते." बोलताना तिची बोटं ओढणीच्या गाठीशी चाळत होती. गाठीत कच्चे तांदूळ. "दिवसभर हेच खात रायते," माय रागावली. मला मात्र तिथेच वाट दिसली. कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणं हे बरेचदा शरीरात लोह कमी पडल्याचं लक्षण असतं.

पुढचे रिपोर्ट आले. एचपीएलसीत ती वाहक, म्हणजे एएस. एमसीव्ही ६६, म्हणजे तांबड्या पेशी लहान. बी-१२ कमी असतं तर सहसा मोठ्या दिसल्या असत्या. फेरिटिन ६, लोहाचा साठाच संपलेला.

"नुसतं वाहक असल्यानं रक्त कमी होत नाही, माय. हे पाळीत गेलेलं रक्त आहे." सिकलच्या रुग्णाला तपासल्याशिवाय लोह देत नाहीत, कारण वारंवार रक्त चढवलं की लोह अंगात साचतं. तो नियम वाहकाला लावून या पोरीच्या गोळ्या तोडल्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पाळीच्या तपासणीलाही पाठवलं. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. महिन्यानं हिमोग्लोबिन ९.६ झालं. १२ झाल्यावरही तीन महिने गोळ्या सोडायच्या नाहीत, हे दोघींकडून वदवून घेतलं.

लग्नाला आडकाठी नाही, पण मुलाची तपासणी आधी. तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

"म्हणजे मी लपवू नको ना?" पोरीनं विचारलं.

"लपवू नकोस. त्याचाही रिपोर्ट माग."

माय रिपोर्टची घडी घालता घालता थांबली. "मंग थोरल्या पोराचंबी तपासा लागन का जी?"

"हो माय. अन् तुमचं दोघांचंबी."