पुण्याची कंपनी, युरोपचा कायदा

प्रश्न : पुण्यात आमची सात जणांची कंपनी आहे. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळून उमेदवारांना गुण देणारं एआय सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. जर्मनी आणि न्यूयॉर्कमधून विचारणा आली आहे. कंपनी भारतात नोंदवलेली असल्याने तिकडचे कायदे लागत नाहीत, असं आमचे सीए म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. युरोपीय संघाचा 2024 चा एआय कायदा तुमची नोंदणी कुठली ते पाहत नाही. सॉफ्टवेअर तिथल्या बाजारात गेलं किंवा त्याने दिलेले गुण तिथे वापरले गेले, की कायदा लागला. अर्जांची छाननी तर त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात 'उच्च जोखीम' म्हणून नाव घेऊन नोंदवलेली आहे.

त्यामुळे संघातल्या कुणाला तरी लेखी अधिकारपत्र देऊन तुमचा प्रतिनिधी नेमावा लागेल. तांत्रिक कागदपत्रं 10 वर्षं आणि तुमच्याकडचे लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या कामाच्या नोंदी, किमान 6 महिने जपायचे. शिवाय सीई चिन्ह (युरोपचे नियम पाळल्याची खूण) आणि युरोपीय डेटाबेसमध्ये नोंदणी. या प्रकारात अनुरूपतेची तपासणी, म्हणजे सॉफ्टवेअर कायद्याच्या अटींत बसतं का याची, स्वतःच करता येते, बाहेरची संस्था लागत नाही; लहान कंपनीला हा मोठा दिलासा आहे. या अटींची मूळ तारीख 2 ऑगस्ट 2026. ती पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला, म्हणून करारावर सही करताना त्या दिवशीची स्थिती तपासा.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सोय दिली असेल, तर ती काढून टाका. कामाच्या ठिकाणी, भरतीसुद्धा त्यात आली, यावर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे. दंड 3.5 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत; स्टार्टअपसाठी यातली कमी असेल ती मर्यादा.

न्यूयॉर्क शहराचा नियम वेगळा आहे. तिथे जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर : सॉफ्टवेअर भेदभाव करतं का, याचं वर्षभरात झालेलं स्वतंत्र ऑडिट, त्याचा सारांश जाहीर, उमेदवाराला कामाचे 10 दिवस आधी सूचना. पण आकडे तुमच्याकडेच मागितले जातील. समजा, 200 पुरुषांतून 80 निवडले, म्हणजे 40 टक्के, आणि 150 स्त्रियांतून 45, म्हणजे 30 टक्के. 30 भागिले 40, गुणोत्तर 0.75. शहराचा नियम यावर नापास करत नाही, पण अमेरिकेत 0.80 च्या खालचा आकडा भेदभावाची खूण मानण्याचा प्रघात जुना आहे. ग्राहकाचा वकील तिथेच बोट ठेवेल.

भारतात स्वतंत्र एआय कायदा नाही. पण उमेदवारांची माहिती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली येते आणि त्यातल्या दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

प्रश्न : करारात 'सर्व कायदेशीर जबाबदारी ग्राहकाची' असं लिहिलं तर?

उत्तर : युरोपात एवढ्याने सुटका नाही. सॉफ्टवेअर तुमच्या नावाने विकलं जात असेल, तर वरची सगळी कर्तव्यं तुमचीच. ग्राहकाने त्यावर स्वतःचं नाव लावलं, तर ती त्याच्याकडे जातात. तरी त्याला लागणारी तांत्रिक माहिती तुम्हाला द्यावीच लागते. त्यामुळे कागदपत्रं पहिल्या आवृत्तीपासूनच लिहीत चला. मॉडेल कोणत्या डेटावर शिकवलं होतं, हे दोन वर्षांनी आठवून लिहिता येत नाही.