मोर्चात लाठीमार झाला, भरपाई मागता येते का?

ताई, तुमचा प्रश्न असा की भावाला मोर्चात पोलिसांनी पाठीवर आणि मनगटावर मारलं, आज चौथा दिवस आहे. अमेरिकेत आंदोलकांना अशा मारासाठी कोटीत भरपाई मिळाल्याचं वाचलं, मग कोल्हापुरात आपल्याला काही करता येतं का? येतं. पण वाट वेगळी आहे आणि ती सगळी कागदावरनं जाते.

अमेरिकेत १८७१ सालचा एक कायदा आहे. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी घटनेनं दिलेला हक्क मोडला, तर त्याच्यावर थेट भरपाईचा दावा लावता येतो. २०२० च्या आंदोलनातल्या पोलिसी बळाबद्दल डेन्व्हर शहरातल्या १२ आंदोलकांना मार्च २०२२ मध्ये ज्यूरीनं १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले, ते याच कायद्याखाली.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात तर सुप्रीम कोर्टानं सरकारला सार्वभौम म्हणून भरपाईतनं सोडवलं होतं. ती भिंत पुढं फुटली. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा या आईला कोठडीत मेलेल्या मुलासाठी दीड लाख रुपये देताना कोर्टानं स्पष्ट केलं, की मूलभूत हक्क मोडला असेल तर सरकारचा हा बचाव चालणार नाही. तुमच्या कामाचे निकाल त्यानंतरचे दोन. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये आंदोलनाला जमून मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलिसांची कारवाई झाली. २०१२ च्या निकालात मृत महिलेच्या कुटुंबाला ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना २५ हजार मिळाले. दुसरा अनिता ठाकूर, २०१६ चा, जम्मूतल्या मोर्चाबद्दलचा. त्यात कोर्टानं सांगितलं की जमाव हिंसक झाला तर बळ वापरता येतं, पण लोक आटोक्यात आल्यावरही मारत राहणं हा हक्कांचा भंग आहे. भावाला कोणत्या क्षणी मारलं, मोर्चा पांगत असताना की त्याआधी, यावर तुमचं निम्मं प्रकरण उभं आहे. ते त्याच्याकडनं आजच मिनिटामिनिटाचं लिहून घ्या.

आता माझं सांगतो, कारण त्यासाठीच एवढं लिहायला बसलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका मोर्चात माझ्या डाव्या हाताचं हाड मोडलं. दवाखान्यात मला घेऊन आलेल्या हवालदारानं डॉक्टरांना सांगितलं, पळताना पडला. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि कळा सोसत मी खाली सही केली. पुढं कोर्टात सरकारी वकिलांनी ती एकच ओळ वाचून दाखवली. अडीच वर्षं घातली, हाती काही लागलं नाही. पोलिसावर मला आता राग नाही, त्या सहीचं मात्र अजून वाईट वाटतं.

म्हणून भावाला आजच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या इजेची डॉक्टरांनी करायची कायदेशीर नोंद, करून घ्या. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला असं समजू नका, मुका मार उलट आत्ता जास्त उठून दिसतो. लाठीचा वळ ओळखू येतो: मधे फिकट पट्टी आणि दोन्ही कडांना समांतर काळ्या-निळ्या रेषा. जमिनीवर पडून तशी खूण उठत नाही. डॉक्टरांना तो वळ दाखवा, इजेचं कारण काय लिहिलंय ते वाचा, मगच सही. वळाशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा आणि मूळ फाइल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरनं फिरलेल्या फोटोवर कोर्टात वाद होतो. वाटेतल्या दुकानांचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा दुकानदारांना लगेच भेटा.

पोलीस ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर भांडत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींना लेखी अर्ज टपालानं पाठवा, पावती जपा. तिथंही दाद लागली नाही की मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला एक वर्षाची मुदत आहे.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा किंवा खटला सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. आणि सरकारविरुद्ध दिवाणी दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे हातात उरले चार. बेकायदा मारहाण कर्तव्यात बसतच नाही असा युक्तिवाद वकील करतात आणि तो काही वेळा टिकतोही, पण त्याच्या भरवशावर सहा महिने उलटू देऊ नका.

माझं मत विचाराल तर रिट याचिका करा, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट हायकोर्टात दाद मागा. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, तारखेला रात्रीची गाडी आणि दिवसभराचा खाडा. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापुरातच बसणारं न्यायपीठ, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. एमएलसी जिथं होणार तिथनं रस्ता ओलांडला की झालं. वकिलांनी चाळीसएक वर्षं लढून मिळवलेली ही सोय आहे, ती वापरा.

एक कटू गोष्टही आधीच विचारून घ्या: भावाच्या हातात दगड होता का? त्याच्यावर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागलंय का? असेल तर वकिलापासून लपवू नका. रामलीला प्रकरणात आयोजकांची चूक धरून भरपाईतला २५ टक्के वाटा त्यांच्या ट्रस्टवर टाकला होता. दगड मारला म्हणून नंतर खाली पाडून मारण्याचा हक्क मिळत नाही, पण ही गोष्ट विरुद्ध बाजूकडनं पहिल्यांदा कोर्टात येता कामा नये.

आणि त्या दिवशीचा त्याचा शर्ट धुतला नसेल तर धुऊ नका. पूर्ण वाळवून कागदाच्या पिशवीत ठेवा, वर तारीख घाला.