देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं

प्रिय सोनू,

थोरले आजोबा गेले त्या दिवसापासून देवघराचं दार लोटलेलं आहे, तुळशीपाशीही दिवा नाही, म्हणून तू विचारलंस: "देव आपल्यावर रागावलाय, की आपण देवावर?" कोणीच कोणावर रागावलेलं नाही, बाळा. याला सुतक म्हणतात.

घरचं माणूस गेलं की भाऊबंदांना दहा दिवस पूजा, नैवेद्य, देवळात जाणं बंद असतं. अकराव्या दिवशी शुद्धी होते, पुढे बारावं-तेरावं. घरोघरी थोडा फरक असतो, आजीला विचार. मला ही मोठी मोकळीक वाटते. ज्याचे डोळे ओले आहेत त्याला टाळ्या वाजवून आरती म्हणायला कोणी लावत नाही. ज्यांना सुतक नाही असं शेजारचं कोणी येऊन देवाला फुलं-पाणी घालून जातं. नामाला मात्र सुतक नाही. झोपताना मनात नाव घेतलंस तर चालतं.

तुला राग आला असेल तर तोही देवालाच सांग. त्यासाठीच गाऱ्हाणं आहे, आणि त्या शब्दाचा अर्थच तक्रार. विठ्ठलाशी भांडणारी जनाबाई तुला शाळेत शिकवली असेल. तिची भक्ती त्या भांडणाने कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

सुतक फिटलं की आजीबरोबर गाऱ्हाणं घाल. पाटावर सोललेला नारळ ठेव, शेंडी राखलेली आणि देवाकडे केलेली. शेजारी विड्याची दोन पानं, त्यांवर सुपारी. आधी कुलदेवाचं नाव, मग ग्रामदेवतेचं, मग घरच्या पूर्वजांचं. नंतर आपण कोण ते सांगायचं, मग काय दुखतंय ते. त्यानंतर चुकलंमाकलं पोटात घाल म्हणायचं, आणि मागणं सगळ्यांत शेवटी. घाईत लोक मागण्यापासूनच सुरू करतात आणि दुःखाचं एक वाक्य उरकतात. तू उलट कर. आजोबांची आठवण येते, रात्री झोप येत नाही, हे सगळं नीट सांग. कोकणीत सांगितलंस तरी चालेल, जी भाषा तोंडात येईल ती.

काकू म्हणाल्या, नवस राहिला म्हणून असं झालं. हे मनातून काढून टाक. आजोबांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. राहिलेला नवस नंतर फेडता येतो. आणि आता देवळात प्रसाद लावून, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेताना, "का नेलंस?" असं विचारायचं नसतं. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. होय-नाही एवढंच ती सांगू शकते, "का" याचं उत्तर तिच्यात मावत नाही. मनासारखा कौल येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणंही बरं नव्हे.

तू मंगेशीला जातोस ना? तो देव मुळात कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा, 1560 मध्ये, भक्तांनी लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळला आणलं. तिथे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून आली, कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून. त्या माणसांची घरं-शेतं मागे राहत होती. देवाने आपलं देऊळ का राखलं नाही, हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच. तो प्रश्न मनात घेऊनच त्यांनी देवाला उचललं. संकटात देवाला आपण सांभाळायचं असतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळतं.

आता तुझं काम. शुद्धीनंतर देवघर पुसून घे. पितळेची समई चिंचेने घास आणि पूर्ण कोरडी कर. तळाशी पाणी राहिलं की वात तडतडते आणि विझते. वात आधी खोबरेल तेलात पूर्ण भिजव, टोक गव्हाच्या दाण्याएवढंच बाहेर ठेव. जास्त ठेवलंस तर काजळी धरते, फार आत ओढलंस तर तेलात बुडते. दिवा मध्येच गेला तर घाबरू नकोस, तो अपशकुन नव्हे. तेल बघ, जळलेलं टोक चिमट्याने काढ, पुन्हा लाव. संध्याकाळी तुळशीकडे वारा असतो, तिथे पणती कोनाड्यात आत सरकवून ठेव. काडी पेटवताना आजी जवळ असू दे.

तुझा,
बाबा
मस्कत