लिनक्सवर टर्मिनलमधून कीबोर्ड मराठी केला, आता परत इंग्रजी कसा करू? इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची मानक कळ-मांडणी) सोडून फोनेटिक (रोमन उच्चारावरून टाइप करणं) घेऊ का?

'सेटएक्सकेबीमॅप इन' (कीबोर्डची मांडणी बदलायची आज्ञा; 'इन' म्हणजे भारतीय, 'यूएस' म्हणजे इंग्रजी) दिलंत की रोमन अक्षरं उमटायची थांबतात, मग परतीची आज्ञा टाइप होणार कशी? कंट्रोल-सी सुद्धा लागत नाही, कारण त्या कळीवर आता म आहे. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमनमध्येच द्या.) आत्ता सुटायचं तर वरचा बाण दाबून हिस्ट्रीत (आधी दिलेल्या आज्ञांत) 'सेटएक्सकेबीमॅप यूएस' सापडतं का बघा.

कायमची सोय बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाईल) करा. इन्स्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या कळांवर अनुक्रमे प, र, क, त आहेत. म्हणून दोन एलियस (आज्ञांची टोपणनावं) टाका: रोमन 'एचजेकेएल' म्हणजे 'सेटएक्सकेबीमॅप इन', आणि देवनागरी 'परकत' म्हणजे 'सेटएक्सकेबीमॅप यूएस'. त्याच चार कळा आणि एंटर, की मराठी. पुन्हा त्याच, की इंग्रजी.

रोजच्या कामाला मात्र 'यूएस,इन' असे दोन्ही लेआउट (मांडण्या) एकत्र द्या, यूएस पहिला, आणि आल्ट-शिफ्ट टॉगलचा ऑप्शन जोडा. ऑप्शन दर वेळी साठत जातात, म्हणून आधी रिकामा '-ऑप्शन' देऊन जुने पुसा. '-क्वेरी' फक्त कोणते लेआउट भरलेत ते सांगतं, चालू कोणता ते नाही. आज्ञेनेच पुढच्या लेआउटवर जायचं असेल तर 'एक्सकेबी-स्विच -एन' हे वेगळं साधन घ्या.

आता फोनेटिक. माझं स्पष्ट मत: टर्मिनलमध्ये राहणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावं. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एका कळीला एक अक्षर-चिन्ह. म्हणून एक्सकेबीला (लिनक्समधली कीबोर्ड सांभाळणारी यंत्रणा) एवढा तक्ता पुरतो, मागे काही चालू ठेवावं लागत नाही. 'दऱ्या'तला ऱ शिफ्ट-जे वर, ळ शिफ्ट-एन वर. अंदाज बांधावा लागत नाही. आयट्रान्स या फोनेटिक पद्धतीत अनेक रोमन अक्षरं मिळून एक अक्षर बनतं, त्यामुळे आयबस (रोमन अक्षरांची देवनागरी करणारा प्रोग्राम) मागे चालू हवं ('आयबस इंजिन एम१७एन:एमआर:आयट्रान्स'), आणि टर्मिनलने त्याला साथ दिली नाही तर नुसती रोमन अक्षरं पडतात. इन्स्क्रिप्टला 'सरकारी कीबोर्ड' म्हणून हिणवणाऱ्यांनी दोन आठवडे हात बसवून मग बोलावं. तो १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे; हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांना तोच साचा लागतो.

फोनेटिकच हवं असेल तर 'मार-कागापा' हा व्हेरिअंट (मांडणीचा प्रकार) घ्या, तो तरी एक्सकेबीतच चालतो.

आणि हो, हे सगळं एक्स११ साठी (लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा; वेलँड ही नवी). वेलँडवर सेटएक्सकेबीमॅप खऱ्या कीबोर्डला हात लावत नाही. ग्नोम या डेस्कटॉपवर जीसेटिंग्ज या आज्ञेने इनपुट-सोर्सेसची यादी बदला, स्वे या डेस्कटॉपवर 'स्वेएमएसजी'ने 'एक्सकेबी_स्विच_लेआउट नेक्स्ट' द्या. एक्स११ वर नवा यूएसबी कीबोर्ड खुपसला की सेटएक्सकेबीमॅपची मांडणी त्याला लागत नाही. टिकवायची असेल तर 'लोकेलसीटीएल सेट-एक्स११-कीमॅप' वापरा.