छोट्या बागेत लाल फ्लोरिबंडा गुलाब लावता येईल का? जागा कमी आहे, काळजी कशी घ्यायची?

हो, बिनधास्त लावा, कमी जागेला फ्लोरिबंडासारखा गुलाब नाही. झाड साधारण 60 ते 90 सेंमी उंच होतं आणि एका दांडीवर एकच फूल न येता अख्खा झुबका येतो, त्यामुळे एकच झाड असलं तरी कोपरा लालभडक दिसतो. युरोपियाना ही जुनी गडद लाल जात बघा, मस्त आहे, फक्त भुरीकडे (पानांवर पांढरी पावडर पसरवणारा बुरशीचा रोग) लक्ष ठेवावं लागतं.

रोज निदान 6 तास ऊन हवंच, यात तडजोड नको. दोन झाडांत 45-60 सेंमी अंतर सोडा, जागा कमी म्हणून दाटीवाटीने लावली की हवा खेळत नाही आणि पानांवर काळे डाग पडायला लागतात. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नको.

आता मेन गोष्ट छाटणीची. झुबक्यातलं मधलं फूल आधी उमलतं आणि आधीच सुकतं, तेवढंच खुडून टाका, बाकीच्या कळ्या छान फुलतात, आणि सगळा झुबका संपला की खाली एका देठावर पाच छोटी पानं असलेलं पहिलं धडधाकट पान बघून, डोळा (देठाच्या बगलेतला फुटव्याचा कोंब) बाहेरच्या बाजूला असेल तिथे त्याच्या जरा वर कापा. नवा फुटवा तिथूनच येतो. कलमाच्या गाठीखालून (जिथे गुलाब दुसऱ्या झाडाच्या मुळावर जोडलेला असतो तिथून) वेगळ्याच पानांची फांदी आली तर ती जंगली, लगेच मुळापासून ओढून काढा, नाहीतर सगळं खत तीच खाते.

कुंडीत लावणार असाल तर निदान 12 इंची घ्या.